तलावातलं गरीब जनावर

माणसाने खरं बोलावं, पण मंडळाचा सचिव असताना बोलू नये, एवढं मधुकरराव वडनेरकरांना कोणी वेळेवर सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. बालाघाटात सल्ला देणाऱ्यांचा तोटा नव्हता. हा एक सोडून बाकीचे सगळे सल्ले त्यांना मिळाले.

भाषावार प्रांत झाले, नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं आणि बालाघाट इकडे मध्य प्रदेशात राहिलं, तेव्हापासून गावातल्या मराठी मंडळाकडे सरकारी आवारातली एक खोली होती. खोलीत तीन कपाटं मराठी पुस्तकं होती. ती शेवटपर्यंत वाचणारी फक्त वाळवी होती, हे मधुकरराव स्वतःच कबूल करत. पण त्यांचे वडील याच खोलीत संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि मधुकररावांची मुलं घरात आता "पापा, पानी पिऊन घेतलं" असलं मराठी बोलायला लागली होती. ही खोली गेली तर गावात मराठीला पाठ टेकायला जागा उरणार नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटे.

आणि खोली जायला निघाली होती. तहसीलदारसाहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "वडनेरकरजी, साल भर ताला लटका रहता है। रामलीला वाले कब से कमरा माँग रहे हैं। मैं आपके शारदोत्सव में आऊँगा। हॉल भरा मिला तो कमरा आपका, नहीं तो चाबी दे दीजिए।"

साहेब सज्जन होते म्हणून एवढं तरी बोलले. पण हॉल भरायचा कसा? मागच्या वर्षी 'संतवाङ्मयातील उपमा' या विषयावर व्याख्यान झालं तेव्हा गॅसबत्तीवाला धरून जेवढे श्रोते होते, त्यापेक्षा जास्त माणसं समोरच्या पानठेल्यावर उभी होती. तीही व्याख्यान ऐकू येतं म्हणून कुरकुरत होती.

"आपल्या नंदूला बोलवा ना," त्यांच्या पत्नी आशालताबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या.

नंदकिशोर हा त्यांचा मामेभाऊ. आधी नौदलात होता, आता मुंबईच्या बंदरात बुडालेली जहाजं काढणाऱ्या एका कंपनीत पाणबुड्या होता. पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं, तासभर खाली काम करायचं आणि वर येऊन डबा खायचा, अशी त्याची नोकरी. सुट्टीच्या दिवशीही तो आणि त्याचे सोबती हौसेने समुद्रात उतरत. माशांनी पाहिला नसेल एवढा समुद्राचा तळ त्याने पाहिला होता.

मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब खिरवडकर शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते आणि अजून तपासतच होते. "समुद्रातील प्रचंड व विलक्षण जीव," त्यांनी विषय दोनदा वाचला. "यात साहित्य कुठे आहे?"

"व्याख्यान मराठीत आहे, दादासाहेब."

"मग असू द्या," दादासाहेब म्हणाले. "पण मंडळाचा नियम लक्षात ठेवा. व्याख्यात्याला एकटं सोडायचं नाही."

हा नियम जुना होता आणि त्याला इतिहास होता. पूर्वी एकदा अमरावतीचे एक विद्वान मध्यंतरात चहा घ्यायला म्हणून बाहेर पडले आणि श्रोत्यांकडे एकवार पाहून सरळ गोंदियाच्या गाडीत जाऊन बसले. तेव्हापासून परिचयापासून आभारापर्यंत सचिवाने व्याख्यात्याच्या हाताच्या अंतरावर, धोतर, कोट आणि टोपी अशा पोशाखात हजर राहायचं, असा ठराव झाला होता. मधुकरराव एरवी ऑफिसला पाटलोण घालत. पण ठराव तो ठराव.

नंदकिशोर गोंदियाहून छोट्या गाडीने आला. त्याच्याबरोबर आलेली टाकी मात्र स्टेशनातून बाहेर येईना. पार्सलबाबूने तिला टिचकी मारली आणि विचारलं, "इसमें क्या है?"

"हवा," मधुकररावांनी खरं ते सांगितलं.

"हवा?" बाबूने चष्मा कपाळावर सरकवला. "बंबई से हवा मँगाई है?"

"हो जी."

"क्यों? बालाघाट की हवा में क्या खराबी है?"

मधुकररावांनी दाब, समुद्र, फुप्फुसं वगैरे समजावून पाहिलं. जितकं समजावलं तितका बाबूचा संशय बळावला. शेवटी, ही हवाच आहे असं एखाद्या डॉक्टराकडून लिहून आणा, असं ठरलं. डॉक्टर म्हणाले, मी रोग्याचा दाखला देतो, हवेचा देत नाही. टाकीला ताप आला तर आणा. मधुकरराव उन्हातून परत स्टेशनात आले तेव्हा त्यांचा शेजारी भैयालाल तिथे हजर होता.

भैयालाल मोटरस्टँडवर कटंगी-तुमसरच्या तिकिटांचं काम बघे. उरलेल्या वेळात तो शेजाऱ्यांचं बघे. "सोडावाटरवाल्याची टाकी हाय म्हना न," तो म्हणाला. "रोज दोन येतेत. कोनी इचारते का?"

"पण ती सोडावाटरची नाही, भैयालाल."

"ते तुमाले माहीत हाय. त्याले कायले सांगता?"

मी खोटं बोलणार नाही, असं मधुकरराव बाणेदारपणे म्हणाले, आणि ते म्हणत होते तेवढ्यात भैयालालने टाकी सोडवून ठेल्यावर चढवलीसुद्धा. सत्याचा असा पाठीमागून पराभव झाला की माणसाला धड रागावताही येत नाही. शिवाय संध्याकाळपर्यंत आळीतल्या दोघीतिघी, पोट बिघडलंय, थोडा सोडा मिळेल का म्हणून भांडी घेऊन येऊन गेल्या.

महोत्सव दोन दिवसांचा होता. तहसीलदारसाहेबांना पहिल्या दिवशी हट्टा गावाकडे दौरा निघाला, म्हणून ते दुसऱ्या दिवशी येणार होते. पहिल्या संध्याकाळी शाळेचा हॉल अर्धा भरला. त्यात मराठी थोडे आणि गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस बघायला आलेले जास्त होते. पण अर्धा हॉल म्हणजे मंडळाच्या हिशेबाने दिवाळीच. मधुकरराव ठरावाप्रमाणे व्याख्यात्याच्या शेजारी बसले.

नंदकिशोर छान बोलला. तो म्हणाला, "आम्ही पाणबुडे काम संपलं की बंदरावरच्या चहाच्या टपरीवर जमतो. कोणी काय पाहिलं ते एकमेकांना सांगतो. पण आमच्यात एक नियम आहे. एकट्याने पाहिलेलं धरायचं नाही. पाण्यात असलेल्या दुसऱ्या कोणी तेच पाहिलं असेल, तरच ते पाहिलं."

मधुकररावांना हा नियम अतिशय आवडला. त्यांनी मान डोलावली. पुढे याच नियमाने आपला गळा धरला जाणार आहे हे त्यांना कुठून कळावं?

मग नंदकिशोरने त्याची सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापाशी त्याने आणि त्याच्या सोबत्याने एक मुशी, म्हणजे शार्क मासा, पाहिली होती. एस.टी.च्या मोटारीएवढी लांब, अंगभर पांढरे ठिपके, तोंड दारासारखं रुंद. ती हळूहळू जवळ आली, एका डोळ्याने तिने याच्याकडे बघितलं आणि तशीच संथ निघून गेली. "एवढं मोठं जनावर," नंदकिशोर म्हणाला, "पण खातं काय, तर डोळ्याला दिसणार नाहीत असले बारीक जीव. दात तांदळाच्या कणीएवढे. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही."

मग मागून भैयालालचा आवाज आला. "चावली नाई?"

"नाही."

"शेपटानं हानलं असंन."

"नाही हो. नुसती गेली."

"मंग काहून सांगून राह्यले, बाप्पा?" भैयालालने खऱ्या काळजीने विचारलं, आणि हॉल हसला.

त्यानंतर व्याख्यान श्रोत्यांनी ताब्यात घेतलं. एकाने वैनगंगेतल्या पढीन माशाने त्याच्या काकाची बकरी तोंडात धरून नेल्याचं सांगितलं. हट्ट्याच्या शालिकरामने बावडीत सोन्याची नथ घातलेला मासा पाहिला होता. नथ कोणी घातली हे विचारणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. पण सगळ्यांचा सूर मिळाला तो बडा तलावातल्या जनावरावर. ते प्रत्येकाने पाहिलं होतं आणि प्रत्येकाने वेगळं पाहिलं होतं. कोणी म्हणे खाटेएवढं कासव आहे, कोणी म्हणे तोंड घोड्याचं आहे. गोदाबाई नावाच्या म्हातारीने तर त्याला खोकताना ऐकलं होतं.

मधुकररावांना हे सहन झालं नाही. ते उठून म्हणाले, "माझा जन्म याच गावातला. बडा तलावात चिखल आणि शिंगाड्याचे वेल यांच्याशिवाय काही नाही. उगाच व्याख्यात्यांचा गैरसमज नको."

वाक्य खरं होतं, शुद्ध होतं आणि घातक होतं. सगळा हॉल त्यांच्याकडे असा बघायला लागला की जणू त्यांनी प्रत्येकाच्या घरात शिरून प्रत्येकाच्या आजोबांना खोटारडं म्हटलं होतं. तसं त्यांनी म्हटलंही होतं.

"मंग पाहून घ्या न," भैयालाल म्हणाला. "पानबुड्या हाय, टाकी हाय, तलाव हाय. उद्या सकारी उतरवा. नाई उतरवलं तं उद्या संध्याकाळी कोनीच येत नाई, हे मी सांगून ठेवतो."

खुर्च्या सरकल्या. उद्या संध्याकाळी म्हणजे तहसीलदारसाहेबांसमोर. मधुकररावांनी नंदकिशोरकडे पाहिलं. नंदकिशोर खांदे उडवून म्हणाला, "उतरतो की भावोजी. टाकी भरलेलीच आहे."

तलावात उतरायला परवानगी लागते हे मधुकररावांना कोणी सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण तेही भैयालालने सांगितलं. काठ नगरपालिकेचा, पाणी सिंचाई खात्याचं, मासे ठेकेदार मोतीलालचे आणि शिंगाड्याचे वेल शेवंताबाईचे. अशा एका तलावात माणसाने नुसता पाय घातला तरी चार मालक जागे होतात. रात्रीच घरी गाठलेला नगरपालिकेचा कर्मचारी म्हणाला, काठावर बसा, आमचं काही म्हणणं नाही. सिंचाईवाल्यांनी सांगितलं की पाण्यात उतरा, पण पाणी कमी होता कामा नये. मोतीलालने त्यांना बाजूला घेतलं. "मछली दिखे तो उसका साइज़ किसी को मत बताना, भाईसाहब। अगले साल मेरी बोली बढ़ जाएगी।"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शेवंताबाई वेलांच्या कडेला कंबरभर पाण्यात उभी राहून शिंगाडे तोडत होती. तिला जनावराचं नवल नव्हतं. "वेल तुटला तं भरून कोन देईन?" तिने विचारलं. मधुकररावांनी वेलांना धक्का लागणार नाही असा शब्द दिला. "अन् ते जनावर भेटलंच," ती शिंगाडा टोपलीत टाकत म्हणाली, "तं त्याले सांगजा, रातच्याले चोर येतेत, त्यायचे पाय धर म्हनून. माझा अर्धा माल चोरच नेतेत."

"बाई, जनावर नाहीच आहे."

"बरं, नसन तं नसन," शेवंताबाई म्हणाली. "भेटलं तं सांगजा."

ऊन चढेपर्यंत बडा तलावावर गाव लोटलं. फुटाणेवाला आला, फुगेवाला आला, मोटरस्टँडवरच्या दोन गाड्या उशिरा सुटल्या. दादासाहेब काठावर खुर्ची टाकून बसले होते. नंदकिशोर टाकी बांधून, तोंडावर काचेचा चष्मा चढवून डोंग्यात बसला. डोंगा म्हणजे लाकडाचा एक ओंडका पोखरून केलेली होडी. शिंगाडेवाले तीवर असे बसतात की पापणी हलवली तरी परवानगी घेऊन हलवतात. शेवंताबाईचा भाऊ तेजराम बांबूने डोंगा लोटणार होता.

"सचिव कुठे बसणार?" दादासाहेबांनी विचारलं.

"काठावर," मधुकरराव म्हणाले.

"व्याख्यात्याला एकटं सोडायचं नाही, असा आपला ठराव आहे. व्याख्याता पाण्यात, तर सचिव किमान पाण्यावर पाहिजे."

वास्तविक मधुकररावांना पोहता येत होतं ते फक्त बोलण्यात. पण पाचशे डोळे बघत असताना ठराव मोडायला वेगळं काळीज लागतं. धोतर सावरून, टोपी नीट करून ते डोंग्यात बसले आणि दोन्ही काठ दोन्ही हातांनी धरले. कोट कमरेपाशी करकचला.

तलावाच्या मध्यावर नंदकिशोर पाठीमागे कलून पाण्यात गेला. पाणी हिरवं होतं, शेवाळलेलं. वर बुडबुडे येऊ लागले आणि काठावर कोलाहल सुरू झाला. बुडबुडा इकडे आला की इकडचे ओरडत, तिकडे गेला की तिकडचे. कोणी जयजयकार केला. दादासाहेब खुर्चीवरून दोन्ही हातांनी काहीतरी खूण करत होते. ती "बसून राहा" अशी होती, पण मधुकररावांना ती "बोला" अशी वाटली. आयुष्यभर सभा चालवलेल्या माणसाचे पाय अशा वेळी आपोआप ताठ होतात. ते उभे राहिले आणि म्हणाले, "कृपया शांतता राखा."

यातलं "कृपया" डोंग्यात झालं. बाकीचं पाण्यात झालं.

पाण्यात गेल्यावर प्रथम त्यांना आपल्या टोपीची काळजी वाटली. मग धोतराने हवा धरली, ते फुगलं आणि त्यांच्याभोवती छत्रीसारखं पसरलं. ते पाय झाडत होते आणि जितके झाडत होते तितका कासोटा सुटत होता. पायाखाली काहीतरी गुळगुळीत लागलं. त्यांनी जोराने लाथ मारली. ते जे काही होतं तेही जोराने दूर सटकलं. मग डोंग्यावरून तेजरामचा बांबू त्यांच्या काखेत आला, आणि बालाघाटच्या मराठी मंडळाचे सचिव कोट, चड्डी आणि जानवं एवढ्या पोशाखात ओढून काठावर आणले गेले. धोतर पाण्यात राहिलं. ओळखीच्या बायकांनी सभ्यपणे आकाशाकडे पाहिलं, म्हणजे त्यांना सगळं दिसलं होतं.

त्याच वेळी लांब, शिंगाड्याच्या वेलांत, नंदकिशोरचं डोकं वर आलं. अंगभर वेल गुंडाळलेले. शेवंताबाईने कपाळाला हात लावला. त्याला काठावर आणलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मुंबईच्या समुद्रात कधी घाबरला नसेल एवढा तो घाबरला होता.

"भावोजी," तो धापा टाकत म्हणाला, "मी पाहिलं. पाणी गढूळ होतं, पण अगदी माझ्या डोक्यावर होतं. पांढरं. मोठं. चौफेर पंख पसरलेले आणि मध्ये दोन केसाळ पाय. मला छातीत लाथ घातली त्याने. आणि मग, विश्वास ठेवा, त्याने शेपूट टाकलं. पालीसारखं. लांबच लांब पांढरं शेपूट सुटून वाहत गेलं. मी कोणत्याही समुद्रात असलं जनावर पाहिलेलं नाही."

काठावर जो जल्लोष उठला तो ऐकून तलावातले मोतीलालचे मासेही मनातून खूश झाले असतील.

मधुकरराव कोणाच्या तरी पंच्यात गुंडाळलेले उभे होते. दात वाजत होते, पण सत्य त्यांच्या तोंडून त्याही स्थितीत बाहेर पडलं. "नंदकिशोर," ते म्हणाले, "तो मी होतो."

भैयालालने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी?" तो म्हणाला. "तुमचं अंग केवढं, वडनेरकर? डोंगा त्या जनावरानं कलवला, म्हनून तं तुमी पडले."

"डोंगा मी उभा राहिलो म्हणून कलला."

"तुमाले वाटते तसं. तुमी वरत होते, ते खालतून आलं." भैयालालने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळं तुमीच कसे हो? मंडळ तुमीच, सचिव तुमीच, आता जनावर बी तुमीच? जरा दुसऱ्याले बी काही राहू द्या."

मधुकररावांनी दिवसभर प्रयत्न केले. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी जिभेचा रंग पाहिला आणि धक्का बसलाय म्हणून गोळ्या दिल्या. दादासाहेबांना सांगितलं, दादासाहेब म्हणाले, सचिवाने आत्मप्रौढी टाळावी. शेवटी त्यांनी आशालताबाईंना सांगितलं. त्या त्यांच्या डोक्याला तेल चोळत होत्या.

"मला माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "केसाळ पाय म्हणाला तेव्हाच ओळखलं मी."

"मग तिथेच बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सकाळपासून पाऊणशे माणसं तुमची तब्येत विचारून गेली. रामलीलावालेसुद्धा येऊन गेले. इतक्या वर्षांत कोणी आलं होतं आपल्याकडे? पोरं दारात उभं राहून लोकांना सांगून राहिलेत, 'आमच्या पप्पांनी जवळून पाहिलं.' मराठीत सांगून राहिलेत. ऐका जरा."

मधुकररावांनी ऐकलं. व्याकरण भयंकर होतं, पण मराठी होतं.

संध्याकाळी हॉल भरला म्हणजे खिडक्यांवर माणसं बसली. रामलीलेतला रावण मेकअपशिवाय आला होता. तहसीलदारसाहेब पहिल्या रांगेत बसले आणि बसता बसता शेजाऱ्याला म्हणाले की मागच्या पावसाळ्यात जीपमधून त्यांनीही काहीतरी पाहिलं होतं, पण सरकारी माणूस असल्यामुळे बोलले नव्हते. मधुकरराव नवं धोतर नेसून ठरावाप्रमाणे व्याख्यात्याच्या शेजारी बसले. ते धोतर त्यांच्या लग्नातलं होतं आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. आज आभार मानताना सगळं खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. खोली गेली तरी चालेल, असं ते घरून निघताना आरशासमोर म्हणाले होते. आरशाने त्यावर काही मत दिलं नव्हतं.

नंदकिशोरने सगळं रंगवून सांगितलं. आणि मग तो म्हणाला, "पण काल मी आमचा नियम सांगितला होता. एकट्याने पाहिलेलं धरत नाहीत. त्या वेळी पाण्यात दुसरा माणूस एकच होता. भावोजींनी ते पाहिलं असेल तरच ते खरं. नाहीतर मला भास झाला, असं मी परत गेल्यावर टपरीवर सांगेन."

सगळ्या माना मधुकररावांकडे वळल्या. तहसीलदारसाहेब पुढे वाकले. "कहिए वडनेरकरजी। आप तो पानी में थे। आपने क्या देखा?"

मधुकरराव उठले. त्यांनी समोर पाहिलं. गोदाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. दादासाहेबांचे डोळे भरून आले होते. एवढा भरलेला हॉल त्यांनी नागपूर राजधानी असतानाही पाहिला नव्हता. दाराशी आपली पोरं दुसऱ्या पोरांना ढकलून पुढे येत होती. साहेबांच्या हातात खोलीच्या कागदाची घडी दिसत होती. आणि मधुकररावांच्या जिभेवर खरं बोलणं आलं होतं, ते तिथेच अडकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की खरं बोलायलाही दोन रस्ते असतात, आणि आपण आजवर एकाच रस्त्याने चालून पाय दुखवून घेतले.

"साहेब," ते म्हणाले, "मी ते फार जवळून पाहिलं. माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलं नसेल."

खिडक्यांवरची माणसं आत वाकली.

"गरीब जनावर आहे," मधुकरराव म्हणाले. "घाबरट आहे. त्याला पोहता येत नाही नीट. कोणाला काही करत नाही ते. त्याला फक्त शांतता हवी असते, आणि ती त्याला मिळत नाही."

"दात हायेत का त्याले?" भैयालालने हळूच विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

"दोन पडलेत," मधुकरराव म्हणाले, आणि खाली बसले.

टाळ्या थांबेनात. नंदकिशोर एवढा वेळ आपल्या भावोजींच्या तोंडाकडे बघत होता. त्याची नजर हळूहळू खाली धोतरापर्यंत आली, मग पायांपर्यंत आली, आणि तिथे थांबली. मग त्याने टेबलावरचा पाण्याचा पेला एका दमात संपवला. तहसीलदारसाहेबांनी उठून जाहीर केलं की मंडळ फार उपयुक्त काम करत आहे, खोली मंडळाकडेच राहील. मात्र दर वर्षी शारदोत्सवात या जनावरावर एक व्याख्यान व्हावं, आणि ते वडनेरकरजींनीच द्यावं, कारण त्यांचा अभ्यास आहे.

नंदकिशोर दुसऱ्या दिवशी गेला. पार्सलबाबूने रिकामी टाकी पाहून फक्त एवढंच विचारलं, "हवा कैसी लगी?" मधुकररावांनी, छान होती, असं उत्तर दिलं. हळूहळू सवय होत होती.

आठवड्याने शेवंताबाई दारात आली. डोक्यावर शिंगाड्याची टोपली. वेलांच्या नुकसानीबद्दल भांडायला आली असणार म्हणून मधुकरराव चेहरा गंभीर करून बाहेर आले. तिने टोपली उतरवली, वरचे शिंगाडे बाजूला केले आणि खालून धुऊन घडी केलेलं एक पांढरं धोतर काढलं.

"शेपूट सापडलं," ती म्हणाली. "वेलायत अडकलं होतं."

मधुकररावांनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. मग त्यांना एकाएकी हायसं वाटलं. निदान घराबाहेर एक तरी माणूस गावात खरं जाणणारा निघाला. "बघा, शेवंताबाई," ते धोतर छातीशी धरून म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो. तो मीच होतो. तुम्ही हे भैयालालला सांगा. सगळ्यांना सांगा."

शेवंताबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं जसं माल नासवायला निघालेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं.

"येडे झाले का, बाप्पा," ती टोपली डोक्यावर चढवत म्हणाली. "सात दिस झाले, एक चोर तलावात पाय टाकून नाई राह्यला. सारा माल घरी आला माझा. अन् म्हने सांगा." ती पायरी उतरली आणि वळून, आळीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काल दिस बुडता बुडता मीच पाह्यलं न त्याले. नवं शेपूट फुटलं त्याले. पह्यल्यापेक्षा लांब हाय."